सवाई जयसिंह : उज्जैनची सावली, गोव्याचे जहाज

उज्जैन शहराच्या नैऋत्येला, क्षिप्रेच्या काठी, जयसिंहपुरा नावाची जुनी वस्ती आहे. तेथील वेधशाळेत एक जिना आहे, जो कोणत्याही मजल्यावर पोहोचत नाही. सुमारे २२ फूट उंचीवर तो आभाळापाशी संपतो. त्याचा चढ जमिनीशी जो कोन करतो तो उज्जैनच्या अक्षांशाएवढा, म्हणजे साधारण २३ अंश १० कलांचा आहे, आणि म्हणून त्याची तिरपी कड नेमकी ध्रुवाकडे रोखलेली आहे. जिन्याच्या दोन्ही अंगांना खुणा कोरलेली वर्तुळखंडे आहेत. सकाळी कडेची सावली पश्चिमेकडच्या खंडावर पडते, मध्यान्हानंतर पूर्वेकडच्या. सावली ज्या खुणेवर असेल ती त्या स्थळाची वेळ. यालाच सम्राट यंत्र म्हणतात. पाहणारा खिशातला मोबाइल काढून ताडून पाहतो आणि क्षणभर गोंधळतो, कारण यंत्र मोबाइलच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. ऋतूप्रमाणे हा फरक थोडा कमीअधिक होतो. यात चूक कोणाचीच नाही. मोबाइल ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, साऱ्या देशाने मान्य केलेली वेळ सांगतो. दगड फक्त उज्जैनची वेळ सांगतो. असेच यंत्र पणजीत उभारले तर ते जवळजवळ ३५ मिनिटे मागे चालेल.

याच वेधशाळेजवळच्या मनोऱ्यावर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ ३० मुहूर्तांत विभागून दाखवणारे हे घड्याळ संगणकाच्या आणि इंटरनेटच्या आधाराने चालते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाल्याच्या बातम्या आल्या. ती बातमी लावताना मला शेजारच्या त्या जिन्याची आठवण झाली. जवळपास तीनशे वर्षे ऊनपावसात उभ्या असलेल्या त्या यंत्रावर हल्ला करायचा तर कुदळच हवी. परंतु दगडाची ही प्रशंसा फार ताणण्यात अर्थ नाही, कारण तो बांधणाऱ्या माणसाची खरी चिंता दगडाविषयी नव्हतीच. गणित कोणाच्या हाती असावे, ते कसे तपासावे, दूरदेशीचे ज्ञान कोणत्या वाटेने आणावे आणि आणल्यावर त्यातले किती आपले होते, या प्रश्नांशी तो आयुष्यभर झगडला. आज संगणकप्रणालींविषयी, त्यांच्या मुक्त वा बंद स्रोताविषयी आणि शासनाच्या तंत्रज्ञानधोरणाविषयी आपण जे वाद घालतो, ते त्याच्या चरित्रात वेगळ्या पोशाखात भेटतात. आणि त्या चरित्रातले एक महत्त्वाचे प्रकरण गोव्याच्या बंदरातून जाते.

त्याचे नाव सवाई जयसिंह. मराठी वाचकाच्या मनात जयसिंह म्हटले की पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे उभे राहतात. हा त्यांचा खापरपणतू. जन्म ३ नोव्हेंबर १६८८, आमेर येथे. वडील बिशनसिंह वारले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. गादीवर बसून पुरती दोन वर्षे होतात न होतात तोच औरंगजेबाच्या फौजेबरोबर त्याला दक्षिणेत यावे लागले. १७०२ सालच्या विशाळगडाच्या, तेव्हाच्या खेळणा किल्ल्याच्या वेढ्यात हा तेरा वर्षांचा राजा आपल्या रजपूत तुकडीसह हजर होता. इतरांपेक्षा सव्वापट असा अर्थ सांगणारी सवाई ही उपाधी त्याला कशी मिळाली, याच्या आख्यायिका औरंगजेबाच्या दरबाराशीच जोडलेल्या आहेत. सह्याद्रीच्या पावसात ज्याचे पौगंड गेले, त्याच्या पदरी पुढे जो सर्वांत मोठा गणिती आला, तो जगन्नाथ सम्राट, हाही परंपरेनुसार महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. जगन्नाथ पंडिताने अरबी आणि फारसी शिकून नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिडची भूमिती रेखागणित या नावाने आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ सिद्धान्तसम्राट या नावाने संस्कृतात आणला. ग्रीक ज्ञान अरबीतून आमेरच्या पंडितापर्यंत पोहोचले, आणि ते तेथवर आणणाऱ्याची जन्मभूमी बहुधा आपल्याच बाजूची असावी, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एवढी दुर्लक्षित का राहिली, हे मला उलगडत नाही.

औरंगजेबानंतरच्या वारसयुद्धात जयसिंहाने चुकीच्या बाजूला उडी घेतली, राज्य गमावले, पुन्हा मिळवले. हा सगळा भाग राजकीय इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतो. महंमदशाह गादीवर आल्यावर त्याचे वजन वाढले. १७२० साली जिझिया रद्द करवून घेण्यात त्याचा हात होता. दिल्लीत, इतर सुभ्यांत त्याचे वकील असत आणि तेथून रोजच्या घडामोडींचे अखबार त्याच्याकडे येत. ही कागदपत्रे आजही राजस्थानच्या दफ्तरांत इतिहासकारांना पुरून उरतात. बातमीच्या धंद्यातल्या माणसाला त्यांचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही. एकाच ठिकाणच्या बातमीवर विसंबायचे नाही, ही सवय या राजाच्या अंगात मुरलेली होती, आणि मला वाटते, त्याच्या ज्योतिषातही तीच उतरली.

ज्योतिषाकडे तो वळला त्याचे कारण व्यावहारिक होते. पंचांगातले गणित आणि आकाशातले प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नव्हता. ग्रहणे सांगितल्या वेळी लागत नसत, चंद्राचे दर्शन आणि ग्रहांचे उदयास्त गणिताला चुकवत. संस्कृत सिद्धान्तग्रंथ असोत की समरकंदच्या उलुघबेगच्या फारसी सारण्या, जुन्या कोष्टकांत शतकानुशतके साचत गेलेली चूक आता उघड्या डोळ्यांना दिसण्याएवढी झाली होती. सण, मुहूर्त, महसुलाची वर्षे, मोहिमांचे प्रस्थान हे सारे या गणितावर चालत असे. जयसिंहाने ही गोष्ट बादशहाच्या कानी घातली आणि नव्याने वेध घेण्याची परवानगी व जबाबदारी दोन्ही मिळवली. दिल्लीची वेधशाळा १७२४च्या सुमारास उभी राहिली.

प्रथम त्याने समरकंदच्या धर्तीवर पितळेची यंत्रे करवली. ती त्याच्या पसंतीस उतरली नाहीत. आकाराने लहान असल्याने त्यांवर सूक्ष्म खुणा करता येत नसत. फिरत्या आसांची झीज होऊन केंद्र ढळत असे. पितळ तापले, कलले की वेध बिघडे. म्हणून त्याने उलटी वाट धरली. यंत्र हलू द्यायचेच नाही, हालायची ती सावली. चुना-दगडाची प्रचंड यंत्रे त्याने बांधली. सम्राट यंत्र, जयप्रकाश यंत्र, राम यंत्र ही त्यांतली मुख्य. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्यावर दोन सेकंदांपर्यंत वाचता येईल अशा खुणा आहेत. अभ्यासकांनी एक शंका रास्तपणे काढली आहे. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर पडते आणि एवढ्या बारीक खुणांचा पुरता उपयोग होत नाही. ती शंका मान्य करूनही एक गोष्ट उरते. या यंत्राचे काम कसे चालते हे त्याच्याकडे पाहूनच कळते. त्यात लपलेले काही नाही. चढ म्हणजे अक्षांश, कड म्हणजे पृथ्वीचा अक्ष, वर्तुळखंड म्हणजे विषुववृत्त. शाळकरी मुलालाही अर्ध्या तासात समजावता येते आणि दुसऱ्या गावी अक्षांश बदलून ते तसेच पुन्हा बांधता येते. आज ज्या प्रणालीचा सोर्स कोड सर्वांना वाचता, तपासता आणि सुधारून पुन्हा वापरता येतो तिला आपण मुक्तस्रोत म्हणतो. या वर्णनात बसणारी वास्तू मला तरी दुसरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका वेधशाळेवर तो थांबला नाही. जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही त्याने वेधशाळा बांधल्या. एका ठिकाणी घेतलेला वेध खरा की खोटा, हे दुसऱ्या अक्षांशरेखांशावरच्या वेधांनी पडताळून पाहता यावे, असा त्यामागचा हेतू त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्पष्ट आहे. राजाने सांगितले म्हणून गणित खरे ठरत नाही, ही कबुली अठराव्या शतकातल्या एका राजाने राजाच्याच खर्चाने दिली. आजच्या भाषेत हे जाळे होते. दूरदूर विखुरलेले पाच बिंदू, त्यांच्यात माणसांच्या आणि कागदांच्या पायी चालणारा माहितीचा व्यवहार.

उज्जैनची निवड मात्र केवळ सोयीची नव्हती. भारतीय ज्योतिषात रेखांशाची गणना उज्जैनपासून होत असे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेखा या नगरीवरून जाते, असे सूर्यसिद्धान्तादी ग्रंथ मानतात. अरबांनी हे गणित घेतले तेव्हा उज्जैनचे नाव त्यांच्या लिपीत उझैन असे लिहिले गेले, आणि नकला होता होता त्यातल्या एका अक्षरावरचा नुक्ता गळून पडला. झ चा र झाला, उझैनचे अरीन झाले, आणि पृथ्वीच्या मध्यावर असलेल्या या अरीन नावाच्या जागेचा उल्लेख पुढे युरोपातल्या लॅटिन ग्रंथांपर्यंत गेला. मुद्रितशोधनावर पोट भरणाऱ्याने या एका नुक्त्याची धास्ती घ्यावी अशी ही कथा आहे. नकलेतली चूक मुळाशी ताडली नाही तर तीच पुढे ज्ञान म्हणून चालते, हे जयसिंहाला पुरेपूर ठाऊक होते.

उज्जैनला तो केवळ भक्त किंवा ज्योतिषी म्हणून आला नव्हता. माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे तीनदा आली. पहिली १७१३ साली. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याला सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव करून त्याला मारले, त्यानंतर बादशहाने पुन्हा जयसिंहाला पाठवले, आणि १७३२ मध्ये तिसऱ्यांदा. मराठ्यांना आता माळव्यातून हुसकणे शक्य नाही, तेव्हा त्यांना काही देऊन सलोखा करावा, असे त्याचे मत होते आणि दिल्लीतला एक गट त्यासाठी त्याला फितूर समजे. १७३३ मध्ये मंदसोरजवळ होळकर-शिंद्यांच्या फौजांनी त्यालाच कोंडीत पकडले. तरीही बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या तेव्हा त्यांची बडदास्त त्याने ठेवली, आणि १७३६ मध्ये बाजीरावांची व त्याची भेट झाली. १७४१ साली माळव्याचा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे अधिकृतपणे आला, त्यातही त्याची मध्यस्थी होती. तोवर उज्जैन राणोजी शिंद्यांचे ठाणे झालेच होते. तेथे त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे सारस्वत गृहस्थ कारभार पाहत. महाकाल मंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय त्यांना दिले जाते. जयसिंहाची वेधशाळा अशा रीतीने एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत गेली, आणि हे पुढे महत्त्वाचे ठरणार होते.

आता गोव्याच्या जहाजाकडे यावे. १७२० च्या दशकात जयसिंहाला जेसुइट पाद्रींकडून कळले की युरोपात वेधशाळा आहेत, दुर्बिणी आहेत, नवी कोष्टके आहेत. इतर एखाद्या राजाने नवलाच्या वस्तू मागवल्या असत्या. त्याने शिष्टमंडळ पाठवले. आग्र्याच्या जेसुइट मठाचे पाद्री मानुएल द फिगरेदो यांच्या नेतृत्वाखाली १७२७ मध्ये ही मंडळी गोव्यामार्गे पोर्तुगालला निघाली आणि १७२९ च्या आरंभी लिस्बनला पोहोचली. उत्तरेतल्या एका हिंदू राजाने ज्योतिषाच्या शोधासाठी गोव्याच्या व्हाइसरॉयमार्फत पोर्तुगालच्या पाचव्या जुआंव राजाकडे धाडलेले हे शिष्टमंडळ आहे, आणि आपल्याकडे ते बहुतेकांना ठाऊक नाही. गोव्याच्या इतिहासात जहाजांतून मिरी, घोडे, तोफा आणि मिशनरी गेले-आले हे आपण वाचतो. कोष्टकांसाठी गेलेले हे जहाज त्या यादीत कोणी धरत नाही.

पाद्री परतले ते फिलिप द ला हीर या पॅरिसच्या ज्योतिषाच्या सारण्या घेऊन; सोबत पेद्रो द सिल्वा हे जाणकारही आले. जयसिंहाने त्या सारण्या वाखाणल्या नाहीत, तपासल्या. आपल्या वेधांशी ताडता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाएवढा फरक त्याला आढळला आणि तो त्याने आपल्या ग्रंथात निःसंकोच नोंदवला. युरोपाची यंत्रे आपल्या यंत्रांएवढी मोठी नसावीत, असा तर्कही त्याने केला. तर्क चुकीचा होता, पण तपासणी खरी होती.

या प्रकरणातली खरी शोकांतिका वेगळी आहे. ला हीरने आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच जाहीर केले होते की या सारण्या केवळ वेधांवरून रचलेल्या असून त्यांत कोणतेही गृहीतक वापरलेले नाही. म्हणजे आकडे होते, पण ते आकडे का तसे येतात याचे उत्तर त्यांत नव्हते. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात हा केप्लरचा सिद्धान्त तोवर शंभर वर्षांहून जुना झाला होता. न्यूटनचा प्रिन्किपिआ ग्रंथ १६८७ मध्ये, जयसिंहाच्या जन्माच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाला होता. गोव्याच्या वाटेने त्यांतले काहीच आले नाही. कोपर्निकसच्या मताची पुस्तके रोमच्या निषिद्ध सूचीत होती. तो सरसकट निर्बंध उठायला १७५८ साल उजाडले. ज्या वाटेने ज्ञान यायचे, तिच्या नाक्यावर बसलेल्यांनी काय जाऊ द्यायचे आणि काय रोखायचे हे ठरवले होते, आणि मागणाऱ्याला काय अडवले गेले हेही कळण्याची सोय नव्हती. त्याला चालता कार्यक्रम मिळाला, सोर्स कोड मिळाला नाही.

माझ्या पहिल्या नोकरीच्या जागी एक अनुभव आला होता. तिथली पंधरा वर्षांची पाने एका विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या फॉन्टची रचना तो बनवणाऱ्यांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. नवे संगणक आले, युनिकोड आले, आणि जुनी पाने उघडली की पडद्यावर चौकटी आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसू लागला. मजकूर होता, पण त्यात काय आहे हे सांगणारी किल्ली नव्हती. जयसिंहाच्या हातातल्या त्या सारण्यांचा विचार करताना मला त्या चौकटी आठवतात. २०१५ साली केंद्र सरकारने शासकीय कामासाठी मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यावर झालेली चर्चा बहुतांशी खर्चाभोवती फिरली. परवान्याचे पैसे वाचतात हे खरेच आहे. पण किल्ली आपल्याकडे असणे ही बाब पैशांच्या हिशेबात मावत नाही.

ला हीरच्या सारण्यांचे पुढे काय झाले हे समजायला अडीचशे वर्षे लागली. महंमदशाहच्या नावाने जयसिंहाने सिद्ध केलेला झीज-इ-मुहम्मदशाही हा फारसी ग्रंथ बराच काळ त्याच्या स्वतःच्या वेधांचे फळ मानला जात होता. १९८४ साली रेमंड मर्सिए यांनी त्यातल्या आकड्यांचे पृथक्करण करून दाखवले की सूर्यचंद्राच्या आणि ग्रहांच्या सारण्या मुळात ला हीरच्याच आहेत. रेखांश आणि कालगणना तेवढी बदललेली आहे. ताऱ्यांची यादीही उलुघबेगची, तिच्यात मधल्या काळातल्या अयनचलनाचे ४ अंश ८ कला मिळवलेले. काहींना यामुळे जयसिंहाची प्रतिमा उणावल्यासारखी वाटते. मला तसे वाटत नाही. दुसऱ्याचे काम घेऊन, ते आपल्या यंत्रांवर तपासून, आपल्या स्थळकाळाला जुळवून पुढे देणे ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. संगणकाच्या जगात निम्मे काम असेच चालते. खटकते ते एवढेच की घेतलेले कोणाचे आणि मिळवलेले आपले किती, हे त्या ग्रंथात वेगळे काढून सांगितलेले नाही. आज आपल्या मोबाइलवरची अनेक पंचांगे ज्या स्विस एफिमेरिस नावाच्या प्रणालीवर चालतात, तिच्यातही मूळ आकडे अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेचे आहेत. पण ते तसे लिहिलेले आहे, प्रणालीचा सोर्स कोड उघडा आहे, आणि फुकट घेणाऱ्याने आपलाही कोड उघडा ठेवावा अशी परवान्याची अट आहे. नको असेल तर पैसे मोजावेत. रोज सूर्योदयाच्या वेळा छापणाऱ्या आमच्यासारख्यांनी कधीतरी वाचावा असा तो परवाना आहे.

जयसिंहाच्या धोरणातली आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. त्याच्याकडे दुर्बीण होती. गुरूचे चार चंद्र, शनीचा लांबट आकार, सूर्यावरचे डाग, शुक्राच्या कला हे सारे त्याने पाहिल्याचे झीजमध्ये आहे. तरीही ग्रहदर्शनाचे नियम त्याने साध्या डोळ्यांसाठीच ठेवले, कारण सामान्य ज्योतिषाच्या हाती दुर्बीण नसते. गावोगावच्या माणसाला वापरता येईल तेच प्रमाण, हा त्याचा निकष होता. या निकषाची मोठी किंमत त्याने मोजली. त्याच काळात ग्रीनिचला दुर्बीण बसवलेल्या यंत्रांनी मोजमाप चालले होते आणि दगड कितीही उंच चढवला तरी त्या सूक्ष्मतेला पोहोचणार नव्हता. सर्वांना झेपेल असे साधन की सर्वांत अचूक साधन, हा पेच त्याला सुटला नाही. कोणत्याही सरकारी संगणकप्रकल्पाच्या बैठकीत तो आजही सुटत नाही.

फ्रेंच वखतीतल्या चंद्रनगरहून पाद्री बूदिए आणि पॉन्स १७३४ मध्ये जयपूरला आले, वाटेतल्या गावांचे अक्षांशरेखांश मोजत आले. शेवटच्या वर्षांत गोव्यामार्गे दोन बव्हेरियन जेसुइट आले, त्यांतले गाबेल्सपेर्गर वर्षभरातच वारले. दरबारी केवलराम हा गुजराती ज्योतिषी ला हीरच्या सारण्या संस्कृतात आणत होता, नयनसुख उपाध्याय अरबीवरून गोलाचे गणित भाषांतरित करत होता, मिर्झा खैरुल्लाह वेधांचे काम पाहत होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा मंडळींना एका कामाला जुंपणारा हा राजा अश्वमेधही करतो आणि १८ नोव्हेंबर १७२७ रोजी पाया घालून जयपूरसारखे सरळ रस्त्यांचे आखीव शहरही वसवतो. त्याच्या स्वभावातल्या या विसंगती जुळवण्याचा खटाटोप चरित्रकारांनी पुष्कळ केला आहे. त्या तशाच राहू द्याव्यात.

एक गोष्ट मात्र त्याने केली नाही, आणि गोव्यातल्या वाचकाला ती विशेष बोचेल. त्याने काही छापले नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पण गोव्यातल्या त्या जुन्या मुद्रणाचे ज्ञात शेवटचे पुस्तक १६७४ चे आहे. फिगरेदो पाद्रींचे शिष्टमंडळ १७२७ मध्ये गोव्यात आले तेव्हा इथले छापखाने अर्धशतक मुके होते. ते चालू असते आणि कोणी त्या मंडळींना नेऊन दाखवले असते तर, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात झीज आणि संस्कृत भाषांतरे हातांनी नकलली गेली. प्रती मोजक्या, त्या राखणारी माणसे त्याहून मोजकी.

२१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह वारला. मुलांत गादीचा कलह पेटला आणि वेधशाळांकडे पाहायला कोणाला वेळ राहिला नाही. दिल्लीच्या यंत्रांची पुढच्या वीसएक वर्षांत जाटांच्या स्वाऱ्यांत मोडतोड झाली. मथुरेची वेधशाळा १८५७ च्या थोडे आधी दगडविटांच्या किमतीला विकली गेली. आज तिची जागाही दाखवता येत नाही.

उज्जैनचे काय झाले हे आपल्याला विल्यम हंटर या स्कॉटिश शल्यवैद्यामुळे कळते. शिंद्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलातीबरोबर तो या भागात आला होता आणि १७९२ च्या सुमारास त्याने उज्जैनची यंत्रे मोजली. तेथे त्याला एक तरुण पंडित भेटला. जयसिंहाच्या पदरच्या एका प्रमुख ज्योतिषाचा हा नातू. ज्योतिषराय ही आजोबांची पदवी घराण्यात चालत आली होती. त्याच्याशी बोलताना हंटर चकित झाला. मुलाला भारतीय गणित येत होतेच, शिवाय त्याने युरोपीय गणिताच्या संस्कृत पोथ्या पुढे ठेवल्या. त्यांत युक्लिड होता, त्रिकोणमिती होती, लॉगॅरिथमची सात स्थानांपर्यंतची कोष्टके होती. लॉगॅरिथमचा शोध लावणाऱ्या स्कॉटिश नेपियरचे नाव तेथे दोन जुआन नेपियर असे लिहिलेले होते. ते दोन पाहिले की पोथीतला मजकूर कोणत्या बंदरातून आला असावा याचा अंदाज बांधता येतो. हा तरुण पुढे जयपूरला गेला आणि १७९३ मध्ये तेथे पोहोचल्यावर लवकरच मरण पावला. त्या पोथ्या समजावून सांगू शकेल असा दुसरा कोणी हंटरला भेटला नाही.

१८१० मध्ये शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरच्या लष्करात गेली. यंत्रे शंभर वर्षांहून अधिक काळ ढासळत राहिली. अखेरीस माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करवली, ती १९२३ साली पुरी झाली. गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञाने वेधशाळेचे अधीक्षकपद सांभाळले. सर्वानंदकरण हा गणितग्रंथ त्यांचाच. दगडावरच्या खुणा नव्याने आखल्या गेल्या, वेध पुन्हा सुरू झाले, आणि १९४२ पासून श्री जिवाजी वेधशाळेचे ग्रहस्थितीचे पंचांग दरवर्षी छापून निघू लागले. ते आजही निघते. सम्राट यंत्राशेजारी एक फलक आहे. स्थानिक वेळेत कोणत्या महिन्यात किती मिनिटे मिळवली की भारतीय प्रमाणवेळ येते, याचे कोष्टक त्यावर आहे. आलेली माणसे ते वाचतात, सावलीकडे पाहतात आणि मोबाइल काढून हिशेब जुळवतात.